पाळलेली नाही

साताऱ्यात दर पेठेत एक तरी गृहस्थ असा असतो की, त्याच्या घरात मांजर असतं; पण त्यानं ते पाळलेलं नसतं. कुत्रा पाळणारा माणूस छाती पुढे काढून सांगतो. पोपटवाला आल्यागेल्याला पिंजऱ्यापाशी नेऊन 'विठू विठू' करवून घेतो. हा गृहस्थ मात्र मांडीवरचं मांजर कुरवाळत तुम्हाला ऐकवील, "छे हो, पाळलंय कुठं? येतंय आपलं." हे 'येतंय' वर्षानुवर्षं चालू असतं. मांजर गेलेलं कोणी पाहिलेलं नसतं.

आमचे अण्णा या जातीचा अव्वल नमुना. नात्यानं माझे काका. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून ते निवृत्त झाले त्याला तप लोटलं. पण लेखा विभाग काही त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. गळ्यात तुळशीची माळ, खिशाला दोन पेनं, एक निळं अन् एक लाल, आणि कोणत्याही प्रश्नाला पहिलं उत्तर 'नाही'. पोटच्या मुलांना त्यांनी दिवाळीत चकल्या मोजून दिल्या. फुलबाज्या प्रत्येकी पाच, आणि जळून गेलेल्या तारा परत जमा. पाच तारा हातात आल्याशिवाय दुसरं पाकीट फुटत नसे. आम्ही पुतणे-भाचेही त्याच नियमात बसायचो. एकदा माझी एक तार हरवली, तर ती सापडेपर्यंत मला भुईचक्र मिळालं नव्हतं.

तेच अण्णा हल्ली पहाटे उठून दूध कोमट करतात आणि त्यात करंगळी बुडवून बघतात. मोठ्या मांजराला दूध नीट पचत नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून पाव कपाचं दोन चमचे झालं, तेही पाणी घालून. पण करंगळी तीच. विचारलं तर म्हणतात, "नासलं असतं उगीच."

मांजरीचं नाव मनी. हे काकूंनी ठेवलेलं. अण्णा नाव घेत नाहीत. नाव घेतलं की पाळल्यासारखं होतं. ते "अगं ए" म्हणतात. अडचण अशी की, चाळीस वर्षं ते काकूंनाही "अगं ए" म्हणत आले. त्यामुळे हाक आली की दोघींपैकी कोणी जायचं, हा घोळ रोजचा. बहुतेक वेळा काकू जातात. मनी जात नाही.

लस टोचायला नेलं तेव्हा कार्डावर 'मालकाचे नाव' असा रकाना होता. अण्णांनी चष्मा पुसला, रकाना पुन्हा वाचला, खाली सही केली आणि सहीच्या वर लिहिलं, 'करिता'. डॉक्टरांनी विचारलं, "कुणाकरिता?" अण्णा म्हणाले, "ते मागाहून कळवतो. सध्या ती तात्पुरत्या स्वरूपात आहे."

सरकारी कारभारात तात्पुरतं पद म्हणजे काय चीज असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मनीच्या भवितव्याची काळजी नको. कायम पदं रद्द होतात. तात्पुरत्याला दर साल मुदतवाढ मिळते. मनी २०१९च्या ऑगस्टपासून तात्पुरती आहे. यंदा तिची सातवी दिवाळी.

मांजर न पाळलेल्या माणसाची खरी खूण अशी की, मांजराचा प्रत्येक लाड तो दुसऱ्या लेखाशीर्षाखाली टाकतो. अण्णांच्या रोजखर्चाच्या डायरीत 'मांजर' हा शब्द सहा वर्षांत एकदाही आलेला नाही. 'जुनी उशी दुरुस्ती', 'खिडकीस जाळी, डासांकरिता' अशा नोंदी आहेत. ती जाळी खाली वीतभर उघडी आहे. डास तिथून येतात आणि मनी तिथून जाते. माळकरी माणूस असल्यानं खरी पंचाईत सुकटीची. ती आणायला अण्णा आपली पेठ सोडून तिसऱ्या पेठेत जातात, तेही भर दुपारी, सगळे झोपलेले असताना. पुडी कागदात, कागद पिशवीत, पिशवीवर मेथीची जुडी. डायरीत नोंद, 'गुलाबास खत'. घरात गुलाब नाही.

बाकी वर्षभर हे सगळं बिनबोभाट चालतं. दिवाळीत पुण्याहून मुलं-सुना-नातवंडं येतात, घरात बघणारे डोळे वाढतात, आणि लाडही नेमके तेव्हाच वाढतात. मग प्रत्येक लाडाला नवं लेखाशीर्ष शोधता शोधता अण्णांची पुरती दमछाक होते.

वसुबारसेला गाय-वासराची पूजा झाली की त्यांची तक्रार सुरू. "गाईला वसुबारस आहे. बैलाला बेंदूर आहे. नागाला पंचमी, त्यात आपल्या बत्तीस शिराळ्याची तर गाजलेली. चार कुत्री दत्ताच्या पायाशी बसून फुकट नमस्कार घेतात. उंदीर तर थेट गणपतीशेजारी. आणि उंदीर धरणारीला काय?"

"आडवं गेल्याचा ठपका," मी म्हणालो.

अण्णांनी मान डोलवली. बंगालात षष्ठीदेवीचं वाहन मांजर असतं, हे कुठंतरी वाचल्यापासून बंगाली माणसाबद्दल त्यांचं मत एकदम चांगलं झालं आहे.

फराळाचं तळण सुरू झालं तेव्हा यंदा पहिला हुकूम निघाला. चिवड्यात लसूण नको. सून म्हणाली, "अण्णा, लसणाशिवाय चिवडा कसला?" अण्णांनी माळेला हात लावला. "सणासुदीला नको. माझ्या मनाला पटत नाही." सुनेनं निमूट ऐकलं. नंतर काकूंनी मला मागच्या दारी सांगितलं की, कांदा-लसूण मांजराला बाधतो हे डॉक्टर बोलले, त्या दिवसापासून हे वैराग्य आलंय. त्याआधी पन्नास वर्षं माळ घालून माणूस लसणाची चटणी भाकरीला लावून खात होता.

कंदी पेढ्याचंही तसंच. राजवाड्याकडून पेढे आणले की पहिला देवापुढे, आणि दुसऱ्यातला हरभऱ्याएवढा कण कुणाचं लक्ष नाही असं बघून खाली पडतो. तो नेहमी मनी बसलेली असते तिथंच पडतो. मी त्यांना सांगितलं, "अण्णा, मांजराला गोड कळतच नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००५ साली शोधून काढलंय. गोडाची चव ओळखायला जे जनुक लागतं, तेच मांजरात निकामी आहे."

मला वाटलं, पेढा वाया जातो म्हणून लेखा विभाग जागा होईल. अण्णा थोडा वेळ मनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे ही साखरेला भुलत नाही. भाजलेला खवा ओळखून खाते. साताऱ्यात जन्म गेला तरी माणसांना पेढा असा कळत नाही." आणि आणखी एक कण पडला.

नरक चतुर्दशीच्या पहाटे घरात तांब्याचा बंब पेटतो. त्या बंबाच्या ऊबेला, रांगोळी काढून मांडलेल्या पाटावर, मनी येऊन बसली. पाट अण्णांचा. तेल लावून, उटण्याची वाटी हातात घेऊन अण्णा थंडीत उभे. काकू म्हणाल्या, "अहो, उठवा की तिला." अण्णा म्हणाले, "असू दे. मला हल्ली पाटावर बसून उठताना गुडघा धरतो." आणि ओल्या फरशीवर मांडी घालून अभ्यंगस्नान उरकलं. उठताना गुडघा धरला तो खराच.

अंगणात नातवंडांनी किल्ला केला होता. दोन दिवस लाल माती कालवून, पोती अंथरून, उतारावर मोहरी पेरून अजिंक्यतारा उभा केला. तोफा लागल्या. मावळे मांडायचे बाकी होते, तेवढ्यात मनी भिंतीवरून उतरली, दोनदा वास घेतला आणि थेट माथ्यावर जाऊन वेटोळं करून झोपली. हा किल्ला घ्यायला औरंगजेब स्वतः आला होता. डिसेंबर १६९९मध्ये वेढा पडला आणि प्रयागजी प्रभूंनी तो एप्रिल १७००पर्यंत झुंजवत ठेवला. बादशहाला चार महिन्यांवर लागले, मनीला चार मिनिटं. नातू रडकुंडीला येऊन म्हणाला, "आजोबा, ती गडावर झोपलीय!" आम्हाला लहानपणी किल्ल्याच्या कडेला साधा पाय लागला तरी अण्णांचा धपाटा बसायचा. ते पुढे आले, वाकले, आणि मनीच्या शेपटीला टोचत असलेली तोफ उचलून त्यांनी बाजूला ठेवली. "झोपू दे. रात्रभर पहारा केलाय तिनं." मावळे त्या दिवशी खालच्या वाडीतच राहिले.

काकूंना राहवलं नाही. "पोरांना एवढं कधी केलं नाहीत," त्या म्हणाल्या. "मांजराचे असले लाड कुणी केल्याचं ऐकलं नाही बाई."

इथं अण्णांनी इतिहास काढला. सातारकराला वादात हरायची वेळ आली की तो इतिहास काढतो. "साताऱ्याची ती रीतच आहे. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची गोष्ट ठाऊक नाही? त्याची समाधी आहे माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. महाराजांनी भर दरबारात त्याच्या अंगावर जरीचं वस्त्र घातलं, दागिने घातले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. जहागीर दिली, पालखीचा मान दिला. ग्रँट डफ इथंच रेसिडेंट होता, त्यानं लिहून ठेवलंय."

ग्रँट डफनं १८२६च्या इतिहासात हे लिहिलं आहे खरं. पण ते महाराजांचं मन भ्रमिष्ट झाल्याचं लक्षण म्हणून. एवढा तपशील अण्णा गाळतात. काकूंनी दुसरीच बाजू धरली. "खंड्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं होतं. हिनं काय केलंय?"

"ही वाघाची मावशी आहे," अण्णा शांतपणे म्हणाले. "सहा वर्षांत आला का वाघ?"

लक्ष्मीपूजनाची रात्र अवघड. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिवाळीत फटाक्यांना रात्री आठ ते दहाची वेळ ठरवून दिली, त्या बातमीचं कात्रण अण्णांनी प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलं आहे. ते घेऊन ते पेठेतल्या पोरांच्या टोळक्याकडे दरसाल जातात. पोरं त्यांना बसायला खुर्ची देतात, फराळ देतात, "बरं अण्णा" म्हणतात आणि सव्वादहाला सुतळी बॉम्ब लावतात. माणसाच्या कानाला वीस हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही. मांजराला साठ हजारांच्या पलीकडचंही येतं. आपल्या कानठळ्या बसतात तिथं तिचं काय होत असेल? म्हणून पूजा झाली, की आठच्या ठोक्याला अण्णा उठतात. "माझे कान दुखतात" असं जाहीर करतात आणि माजघराच्या आतल्या खोलीत जातात. खिडकीला गोधडी, दाराच्या फटीला सतरंजी, रेडिओ बेतानं लावलेला. मनी कपाटाखाली, आणि कपाटासमोर जमिनीवर अण्णा.

यंदा मी प्रसाद द्यायला आत गेलो. अण्णा कपाटाखाली हात घालून पालथे पडले होते आणि हळू आवाजात काहीतरी म्हणत होते. मला वाटलं, हरिपाठ. नीट ऐकलं, तर ते बाहेर प्रत्येक आवाज झाला की सांगत होते, "हा लांबचा होता... हा पण लांबचाच... झालं, आता संपत आलं." त्यांचा मोठा मुलगा दारात उभा होता. चाळिशीचा माणूस. तो माझ्या कानात म्हणाला, "मी लहान असताना बॉम्बला घाबरायचो, तेव्हा मला अंगणात उभं केलं होतं यांनी. भीती मोडायला." त्याच्या आवाजात राग नव्हता. थोडा वेळ तो तसाच बघत राहिला आणि मग जाऊन पेठेतल्या पोरांवर आमच्या खानदानाला न शोभेल अशा भाषेत ओरडून आला. दहा मिनिटं शांतता होती.

आता मनी आली कुठून, ते सांगितलं पाहिजे. कारण त्याशिवाय भाऊबीज कळायची नाही.

अण्णांची थोरली बहीण, आमची आक्काआत्या, सांगलीला गावभागात राहते. मांजराच्या बाबतीत आक्का म्हणजे अण्णांची बरोबर उलटी बाजू. सांगली हे नाटकाचं गाव. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली तिथं 'सीतास्वयंवर' उभं केलं, तेव्हापासून तिथं झाकून काही करायची पद्धत नाही. आक्काची राणी ही 'माझी लेक'. लेकीला खणाचं झबलं, लेकीला पाडव्याला औक्षण, लेकीचा फोटो नात्यातल्या प्रत्येक ग्रुपवर. शेजारीण विचारते, "काय आक्का, लेक बरी हाय का?" आणि आक्का सविस्तर सांगते.

२०१९च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं आणि गावभागात माडीच्या पायऱ्यांना लाटा लागल्या. आक्काला होडीतून बाहेर काढलं तेव्हा तिच्या हातात एक भाजीची करंडी होती. दागिन्यांचा डबा माळ्यावर राहिला, घराची कागदपत्रं ट्रंकेत भिजली. करंडीत राणी आणि तिचं तीन आठवड्यांचं एक पिल्लू होतं. तासगाव-विट्याकडून फेरा घेत ती साताऱ्याला पोचली. अण्णांनी दार उघडलं, बहिणीला नखशिखान्त बघितलं आणि म्हणाले, "हे काय आणलंस?" ते करंडीला म्हणाले, असं सगळ्यांना वाटलं.

महिन्यानं आक्का परत निघाली. घर चिखलानं भरलेलं, भिंती छातीएवढ्या ओल्या. पिल्लू सर्दीनं शिंकत होतं. आक्का म्हणाली, "अण्णा, एवढं घर वाळेपर्यंत ठेवून घे रे." अण्णा म्हणाले, "तात्पुरतं." झालं ते एवढंच.

त्याआधी अण्णा भाऊबीजेला सांगलीला जात नसत. सव्वाशे किलोमीटर जायचं, त्यात गाडीखर्च आणि वेळ. आधी मनीऑर्डर, मग मुलानं फोनवरून पाठवलेले पैसे. २०१९पासून मात्र ते दर भाऊबीजेला स्वतः जातात. बहिणीकडे नव्हे, तसं ते कधीच म्हणत नाहीत. ते ठेव परत करायला जातात.

यंदाही गेलो. मी गाडी चालवायला, अण्णा मागे, मांडीवर तीच करंडी, वर जाळी. "एसी बंद कर, मला सर्दी होते." कराड गेलं. "जरा हळू घे, मला गरगरतं." पेठ नाक्याला वळलो. "गाणी नकोत, माझं डोकं धरतं." इस्लामपूर, आष्टा मागे टाकून सांगलीत शिरेपर्यंत अण्णांना माणसाला होणारे सगळे विकार होऊन गेले. करंडीतली प्रवासी ठणठणीत होती.

आक्का दारातच ताम्हन घेऊन उभी. आधी करंडी उतरवून घेतली. "आली गं माझी नात!" मग भावाकडे वळली, "ये, तू पण ये." राणी आता म्हातारी झाली आहे, लेकीला हुंगून तिनं एक फिस्कारा दिला आणि झोपली. मनी पाहुणी म्हणून घरभर फिरली आणि कांडून आणलेली हळद परातीत पसरली होती, त्यात जाऊन बसली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मनीच्या मागच्या अर्ध्या भागालाही तो मान मिळाला. पांढरी मनी निम्मी पिवळी झाली. अण्णा आपल्या पांढऱ्या रुमालानं ती हळद पुसत बसले. रुमाल गेला. आक्का बघत होती.

"पाळली नाहीस म्हणे अजून," ती म्हणाली.

"तुझी ठेव आहे. आणून दिली. मोजून घे."

ओवाळणं झालं. अण्णांनी ताटात पाकीट ठेवलं. जेवणं झाली. करंडी दारापाशी होती आणि मनी अण्णांच्या धोतराच्या सोग्यावर झोपली होती. अण्णांनी दोनदा घड्याळ बघितलं, घसा साफ केला.

"मग, आता ठेवून घेतेस ना? सहा वर्षं झाली. हिशेब मिटलेला बरा."

सोगा काही ते ओढून घेत नव्हते.

आक्का उठली. भिंतीपाशी जाऊन तिनं तळवा टेकला. ही भिंत २०२१च्या पुरात पुन्हा भिजली होती, तेव्हा मुदतवाढ रीतसर मिळालेली. त्यालाही चार वर्षं झाली. आता भिंतीला नवा चुना होता, दिवाळीला काढलेला, लख्ख.

"अरे, कशी ठेवून घेऊ?" आक्का म्हणाली. "अजून ओल गेली नाही. हात लावून बघ."

अण्णा उठले. लेखा विभागातला माणूस. प्रत्यक्ष पडताळणीशिवाय सही करत नाही. त्यांनी बहिणीच्या हाताशेजारी आपला हात भिंतीला लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"आहे," ते म्हणाले. "खालून येतीय. पुढच्या वर्षापर्यंत तरी जायची नाही."

"तेच म्हणते मी."

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. साक्षीदार लागतो. मी पुढे होऊन भिंतीला हात लावला. बोटांना कोरडी, पांढरी भुकटी लागली. ती मी पँटला पुसली.

"ओली आहे," मी म्हणालो आणि करंडी आणायला गेलो.